स्वयंपाकघरातली लाल टाकी

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुमच्या घरातल्या गॅसच्या टाकीवर वरच्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे लिहिलेले असतात. ते तुम्ही शेवटचं कधी वाचलंत?

बचतगटाच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारते तेव्हा आधी सगळ्या एकमेकींकडे बघतात, मग हसतात. एखादी म्हणते, "ताई, आम्ही टाकी आली का गेली एवढंच बघतो!" गंमत अशी की पीठ घेताना आपण चिमटीत घेऊन बघतो. वांगं घेताना चार वेळा उलटंपालटं करतो, भरताचं असेल तर देठसुद्धा बघतो. साडी घेताना तर दुकानदाराचा जीव जातो. आणि घरात चोवीस तास राहणारी ही तीस किलोची लाल वस्तू मात्र गॅसवाला दारात आपटून जातो नि आपण सही करून मोकळ्या होतो.

मीही तशीच होते. उलट मी तर टाकीला जुन्या साडीचं झालर लावलेलं कव्हर शिवलं होतं, म्हणजे तो लाल रंग दिसायला नको! बी.ए. मराठी झालेली बाई. मला वायसर म्हणजे काय ते माहीत असायचं कारणच नव्हतं. ते कळलं २००९ सालच्या श्रावणात, आणि ज्या रीतीने कळलं ती रीत देवाने कोणाच्या वाट्याला आणू नये.

माझं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. सासर जळगावचं. श्रावणात कानबाईला मी माहेरी जाते. खान्देशातल्या वाचकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, रोट होतात, रात्रभर गाणी, आणि सोमवारी विसर्जन. त्या घरातल्या सुनेची काय धावपळ होते ते सुनेलाच ठाऊक.

शनिवारी रात्री दहाच्या सुमारास आमचा गॅस संपला. दुसरी टाकी नव्हती. मग नेहमीची रीत. वहिनींनी शेजारच्या काकूंकडची भरलेली टाकी मागून आणली, भावाने ती लावून दिली. लावल्यावर थोडा वास आला. मीच म्हटलं, "लावताना येतोच थोडा." दूध तापवलं, चहा झाला, शेगडीची बटणं बंद केली आणि आम्ही झोपायला गेलो. टाकीवरचं रेग्युलेटर कोणी बंद केलं नाही. तसं कधी करतच नव्हतो. पाऊस येत होता म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावलेली होती.

पहाटे चारला वहिनी उठल्या. त्यांच्या मागोमाग मी. दाराशीच त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "ताई, गॅसना वास ई ऱ्हायना का व?" येत होता, चांगलाच येत होता. खिडकी उघडायला म्हणून त्या अंधारात आत गेल्या. खाली पाट, परात, पिठाचा डबा, सगळा पसारा. त्या पडतील म्हणून मी म्हटलं, "वहिनी थांबा, दिवा लावते." आणि दाराजवळचं बटण दाबलं.

एवढंच. बटण दाबलं की आत एक बारीकशी ठिणगी पडते, ती आपल्याला दिसतही नाही. भप्प असा आवाज झाला आणि जमिनीवरून निळी-पिवळी ज्वाळा पळाली. हो, जमिनीवरूनच. छताला काही झालं नाही, देव्हाऱ्यातल्या तसबिरीला झळ लागली नाही, पण वहिनींची साडी पेटली. नायलॉनची साडी होती. भावाने अंगावरची गोधडी तशीच त्यांच्याभोवती गुंडाळली म्हणून त्या वाचल्या. पाय आणि दोन्ही हात भाजले. शेजारपाजारचे धावले. कोणी शाई आणली, कोणी टूथपेस्ट, एका आजीने हळद. सगळं त्या जखमांवर लावलं गेलं, आणि पुढे दवाखान्यात ते खरवडून काढताना वहिनींनी जे सोसलं ते मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं. नळाचं साधं पाणी वीस मिनिटं ओतत राहायचं असतं, बाकी काही लावायचं नसतं, हे आम्हाला त्या दिवशी एका सिस्टरने रागावून सांगितलं.

वहिनी तीन आठवडे दवाखान्यात होत्या. नंतर घरात चर्चा सुरू झाली, कोणाचं चुकलं. कोणी म्हणालं, कानबाईचं काहीतरी राहून गेलं. कोणी म्हणालं, सुनेने टाकी नीट लावली नाही. टाकी लावली होती भावाने, पण नाव सुनेचं आलं. वास "येतोच थोडा" असं कोण म्हणालं, बटण कोणी दाबलं, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वहिनींना माहीत होतं. त्याही बोलल्या नाहीत. हे मी आज पहिल्यांदा छापून आणते आहे, त्यांना विचारून.

त्यानंतर मी हा विषय शिकायला घेतला. कोणाकडून शिकले म्हणाल, तर अग्निशमन दलातल्या एका निवृत्त जवानाकडून, गॅसच्या एका मेकॅनिककडून, आणि बऱ्याच गोष्टी वाचून. शिकले ते सांगते.

आपल्या टाकीत भरलेला असतो तो गॅस नसतो, पातळ द्रव असतो. प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंवर दाब देऊन ते पातळ केलेले असतात. टाकी हलवली की खळखळ वाजते ती त्यामुळेच. हा एक लिटर द्रव बाहेर पडला तर त्याचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. आता कळलं ना, टाकी आडवी का करायची नाही ते? उभ्या टाकीत द्रव खाली आणि वायू वर असतो, नळीत वायूच जातो. गॅस संपत आला की "अजून चार पोळ्या होतील" म्हणून आपण टाकी आडवी करतो, तेव्हा नळीत द्रव जाऊ शकतो आणि शेगडीवर एकदम भडका उडतो. धुळ्याच्या थंडीत गॅस मंद झाला म्हणून टाकी गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. एकीने तर खाली निखारे ठेवले होते! मी तिला काही बोलले नाही, आधी निखारे उचलले.

दुसरी गोष्ट म्हणजे हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जवळजवळ दीड-दोन पट. तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली बसतो. ओट्याखाली, कोठीमागे, मोरीत, पलंगाखाली साचून राहतो. म्हणून त्या पहाटे ज्वाळा जमिनीवरून पळाली. म्हणूनच फक्त वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं, आणि दारातून झाडूने किंवा सुपाने हवा बाहेर ढकलली तरी चालते. पंखा मात्र लावायचा नाही, एक्झॉस्टसुद्धा नाही. चालू असलेला पंखा बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. हवेच्या शंभर भागांत या गॅसचे दोनच भाग झाले तरी तो पेट घेऊ शकतो. फ्रीज तर मधूनमधून आपणहून चालू होतो, त्याला कोणाच्या बोटाची गरज नसते.

गॅसला स्वतःचा वास नसतो हे ऐकून बायका चकित होतात. तो कुजक्या कांद्यासारखा वास मुद्दाम मिसळलेला असतो, इथाइल मर्कॅप्टन नावाचा. धोक्याइतका गॅस साचण्याच्या बराच आधी नाकाला कळावं म्हणून. पण कोरोनात कितीतरी जणींचा वास गेला होता, काहींचा नीट परत आला नाही. आमच्या ओळखीतल्या एका मावशी म्हणतात, "मले अत्तर बी कळत नाही नि गॅस बी नाही." अशा घरात गॅस तपासायची पाळी दुसऱ्या कोणीतरी घ्यावी. आणि वास बराच वेळ येत राहिला की नाक त्याला सरावतं, मग वाटतं गेला वास. गेलेला नसतो.

आता वायसर. टाकीच्या वरच्या तोंडात, जिथे रेग्युलेटर बसतं, तिथे आत एक छोटी काळी रबरी कडी असते. करंगळीच्या टोकाने चाचपता येते. ती नसली, कुरतडलेली असली किंवा वाळून कडक झाली असली, की रेग्युलेटर "खट्" आवाज करून बसतं खरं, पण चालू केलं की कडेने गॅस झिरपत राहतो. काकूंच्या टाकीत ती कडी नव्हतीच. आठ आण्यांची वस्तू! गॅसवाला दारात असतानाच टोपण काढायला लावून आत बघायचं. टॉर्च लावायची हवी तर. नसेल तर टाकी परत. "नंतर आणून देतो" ऐकून घ्यायचं नाही. मी हे सांगते तेव्हा बायका म्हणतात, तो चिडतो. चिडू द्या. आमच्याकडे येणारा पोरगाही आधी कुरकुरला, आता पायरीवर टाकी ठेवून स्वतःच टोपण उघडून दाखवतो नि म्हणतो, "बघा काकू, आहे वायसर."

त्याच वेळी वजनही करून घ्यावं. वजनकाटा त्याच्याकडे असायलाच हवा. टाकीवर तिचं स्वतःचं रिकामं वजन लिहिलेलं असतं, पंधरा-सोळा किलोच्या आसपास. त्यात १४.२ मिळवायचे. समजा १५.३ लिहिलं असेल, तर भरलेली टाकी साडेएकोणतीस किलो भरली पाहिजे.

आणि ते अक्षर. टाकीच्या वरच्या कडीला खाली ज्या उभ्या पट्ट्या जोडलेल्या असतात, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला ते असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. ए-२८ असेल तर मार्च २०२८ पर्यंत ती टाकी पुन्हा दाबाची चाचणी करायला गेली पाहिजे. मोबाईलवर फिरणारे निरोप याला "टाकीची एक्स्पायरी" म्हणतात आणि घाबरवून सोडतात. तसं नाही. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी टाकी फुटते असं काही नसतं. पण तारीख उलटलेली टाकी भरून तुमच्या दारात येता कामा नये, आली तर घ्यायची नाही.

टाकी बसवली की साबणाचं पाणी. वाटीत थोडी साबणपूड फेटायची, फेस रेग्युलेटरच्या भोवती, नळीच्या दोन्ही टोकांना लावायचा. बुडबुडे आले की गळती. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, बहुतेक पुरुष असतात, "मी आहे ना" म्हणणारे. त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढावं, प्रेमाने.

नळीबद्दल मी जरा कटकट करते म्हणून आमच्या घरी माझी थट्टा होते. पण सांगते. ती केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय शिक्क्याचीच हवी. बाजारात पन्नास-साठ रुपयांत मिळणारी हिरवी नळी नको. केशरी नळीवर साल छापलेलं असतं, पाच वर्षांनी ती बदलायची, चांगली दिसत असली तरी. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे धान्याच्या कोठ्या, त्यामुळे उंदीर, आणि उंदराला नळी कुरतडायला फार आवडते. नळीवर कापड गुंडाळून शोभा आणू नये, मग भेग दिसत नाही. माझ्या झालरवाल्या कव्हराची कथाही तीच. फरशी पुसायला घेतलं तेव्हा ते गेलं.

टाकी ठेवायची कुठे हा प्रश्न शहरातल्या मॉड्युलर किचनवालीला वेगळा आणि धाब्याच्या घरातल्या बाईला वेगळा. कपाटात बंद टाकी ठेवत असाल तर दाराला अगदी खाली, जमिनीलगत भोकं हवीत. वर भोकं ठेवून उपयोग नाही, कारण मघाशी सांगितलं तेच, गॅस खाली बसतो. जादाची टाकी असेल तर टोपण घट्ट लावून, उभी, हवेशीर जागी. ते पांढरं टोपण दोरीने टाकीला बांधलेलं असतं ते शोभेला नाही. टाकीचं तोंड गळायला लागलं तर ते टोपण दाबून बसवल्यावर गळती थांबते. आमच्याकडे मुलं ते कापून खेळायला नेतात! आणि मे महिन्यात, जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा, गच्चीवर पत्र्याखाली टाकी ठेवू नका. ऊन वाढलं की आतला दाब वाढतो.

खेड्यातला प्रश्न मला जास्त सतावतो. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्या भागातही कितीतरी घरांत पहिल्यांदा टाकी आली. चांगलंच झालं, धुराने डोळे गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण घर एक खोलीचं. त्याच खोलीत एका कोपऱ्यात चूल, कारण गॅस पुरवून वापरायचा, पाणी तापवायला आणि भाकरीला काड्याच. दुसऱ्या कोपऱ्यात टाकी. आणि शेगडी जमिनीवर, कारण बसून भाकरी थापायची सवय. म्हणजे गॅस जिथे साचणार तिथेच ज्योत! आसोद्याच्या बाजूला एका बाईच्या घरी आम्ही चार जणींनी मिळून विटा रचल्या, वर शहाबादी फरशी टाकली, शेगडी वर आणि टाकी खाली केली. तासाभराचं काम. चूल दाराबाहेर गेली. सासूबाईंनी आठ दिवस तोंड फुगवलं, मग त्याच उभ्या राहून चहा करायला लागल्या. त्यांचे गुडघे दुखायचे कमी झाले म्हणे!

रात्री रेग्युलेटर बंद करायचं. बाहेर जातानाही. दूध उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो, हे तर प्रत्येकीच्या घरी झालेलं असतं.

आता घराबाहेरचं थोडं. जळगावातल्या वाचकांना नोव्हेंबर २०२४ आठवत असेल. इच्छादेवी चौकात एका ओम्नी गाडीत घरगुती टाकीतला गॅस भरला जात होता, तिथे स्फोट झाला. दहा जण भाजले, त्यातले काही उपचार चालू असताना गेले. गाडीत बसलेले लोक होते, त्यांना कुठेतरी जायचं होतं. आपण वाचलं, हळहळलो, प्रशासनाला नावं ठेवली. पण मला तेव्हापासून एक गोष्ट टोचते आहे. त्या अड्ड्यांवर टाक्या येतात कुठून? घरगुती टाकीचा गॅस गाडीत भरायला कायद्याने बंदी आहे, म्हणजे ती टाकी कोणाच्या तरी घरच्या पुस्तकावर उचललेली असते. "आम्हाला महिन्याला लागत नाही, दोनशे जास्त मिळतात" म्हणून टाकी देणाऱ्या बायका मला माहीत आहेत. बचतगटात मी हे बोलले तेव्हा दोघी उठून गेल्या. त्यातली एक परत आली, दुसरी अजून आलेली नाही.

लग्नाच्या घरांचंही तेच. आचारी पाच-सहा टाक्या आणतो आणि मांडवातली जागा अपुरी म्हणून त्या घरात, वऱ्हाडाच्या सामानाशेजारी ओळीने ठेवल्या जातात. ८ डिसेंबर २०२२ ला राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातल्या भुंगरा गावात वरात निघायच्या वेळी अशाच साठवलेल्या टाक्यांतून गॅस गळला आणि आग लागली. तीसहून अधिक माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं पुष्कळ. आपल्याकडे आखाजीच्या सुमारास लग्नं दाट असतात, वर वैशाखातलं ऊन. मुलीच्या आईला शंभर कामं असतात हे मान्य. पण आचाऱ्याला टाक्या बाहेर, सावलीत, भट्टीपासून लांब ठेवायला लावणं हे काम तिने एखाद्या धीट भाच्याकडे सोपवावं.

जत्रेतल्या फुगेवाल्याकडची टाकी तर फारच वाईट. आमच्या एकवीरा देवीच्या यात्रेत लहानपणी आम्ही त्याच्याभोवती कोंडाळं करून उभं राहायचो. वर जाणारा फुगा पाहिजे ना! त्यात पुष्कळदा हायड्रोजन असतो, आणि काहीजण जुन्या टाकीत रसायन टाकून तो जागेवरच बनवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये लातूरला अशीच टाकी फुटली, फुगेवाला जागीच गेला आणि भोवती जमलेली मुलं जखमी झाली. फुगा घ्यायचा असेल तर मोठ्या माणसाने जाऊन आणावा, मुलांना लांब उभं करावं. किंवा तोंडाने फुगवलेला घ्यावा, तो उडत नाही, पण मुलं दहा मिनिटांत विसरतात.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत कितीतरी घरांत ऑक्सिजनची टाकी आली. काही घरांत दम्याच्या आजोबांसाठी ती अजून आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. त्या खोलीत उदबत्ती नको, निरांजन नको, विडी तर नकोच. आणि तिचा नळ फिरत नाही म्हणून त्याला तेल लावू नका. आपण दाराच्या बिजागरीला, शिलाई मशीनला सगळीकडे तेल घालतो, इथे तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की पेट घेतात.

कारखान्यातल्या टाक्यांबद्दल मी काय बोलणार. शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात ३१ ऑगस्ट २०१९ ला सकाळी स्फोट झाले आणि तेरा-चौदा जणांचा जीव गेला. तेव्हा पहिल्या बातम्यांत सिलिंडर फुटल्याचंच आलं होतं. आपल्या घरचं माणूस अशा ठिकाणी कामाला असेल तर संध्याकाळी जेवताना त्याला एवढं तरी विचारावं, तिथे टाक्या साखळीने बांधून उभ्या ठेवतात का, आणि वास आला तर पळायचं कुठे हे कोणी सांगितलंय का.

पैशाचंही बोलायला हवं, कारण बायका ते विचारत नाहीत. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता आपल्याला वेगळा भरावा लागत नाही. मृत्यू झाला तर माणशी सहा लाख, औषधोपचाराला माणशी दोन लाखांपर्यंत, आणि नोंदलेल्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीला दोन लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. यासाठी अपघात झाल्यावर लगेच आपल्या एजन्सीला लेखी कळवायचं, पोलिसांत नोंद करायची, दवाखान्याची बिलं जपून ठेवायची. वहिनींच्या वेळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. वर टाकी शेजारची, आणि आमचं कनेक्शन वारलेल्या वडिलांच्या नावावर. आम्ही एजन्सीत गेलो तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता "कागद नाहीत" म्हणून सांगितलं. तो विषय तिथेच संपला, दवाखान्याचे पैसे आईच्या पाटल्या मोडून दिले. म्हणून सांगते, कनेक्शन हयात माणसाच्या नावावर करून घ्या. बाईच्या नावावर केलंत तर उत्तमच. आणि टाकी उसनी देऊ-घेऊ नका. साखर द्या, पीठ द्या, टाकी नको. शेजारीण रागावेल, तिला माझं नाव सांगा.

वास आला तर काय करायचं, हे मी प्रत्येक बैठकीत बायकांकडून तोंडपाठ म्हणून घेते. बटणाला हात नाही. काडी नाही, देवाचा दिवा तेवत असेल तर तो लांब असतानाच विझवायचा. रेग्युलेटर बंद, काढून टोपण लावायचं. दारं-खिडक्या उघडायच्या. मुलं-म्हातारी माणसं बाहेर. मोबाईलसुद्धा बाहेर गेल्यावरच, आणि नंबर १९०६. चोवीस तास चालू असतो, गॅसच्या गळतीसाठीच आहे. २००९ मध्ये तो नव्हता, २०१६ पासून आहे. आग लागली असेल तर १०१.

दोन वर्षांपूर्वी देवपुरातच एका महिला मंडळात मला बोलायला बोलावलं होतं. वहिनी ऐकायला आल्या, मागे बसल्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण सरळ होत नाहीत, भाकरी थापता येत नाही, पोळपाटावर लाटतात. मी नेहमीप्रमाणे सांगत गेले, पण बटणाचा प्रसंग "एका घरात असं झालं" म्हणून सांगितला. तर त्या मागून म्हणाल्या, "एका घरात नही व, आपलाच घरमा." सगळ्या वळून बघायला लागल्या. वहिनी उठल्या, पुढे आल्या, पदर खोचला. टेबलाजवळ ठेवलेल्या टाकीचं टोपण त्यांनी काढलं आणि ती न वळणारी बोटं बाजूला ठेवून करंगळी आत घातली.

"आशे," म्हणाल्या. "आते तुम्ही एकेक जण या नि हात लाई देखा."

रांग लागली. एकूण एकतीस जणी होत्या. शेवटच्या आजींना करंगळी आत जाईना, त्यांनी नातीला उचलून पुढे केलं.